सूप, चेकर आणि बाजाराचं पुस्तक

प्रकरण असं आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे, एका समाजमंदिराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी मुलांची वाचनखोली भरते. तिथल्या एका बाजाराच्या चित्रपुस्तकातून मुलांनी आपसूक विडी कारखान्याचा खेळ उभा केला. एका मुलीच्या आजीनं तो पाहिला, ती भडकली आणि नातीला हाताला धरून घेऊन गेली. खेळ चालू द्यायचा की बंद करायचा, हे खोली चालवणाऱ्या बाईंना ठरवायचं होतं. मी या खोलीसाठी पुस्तकं निवडायला मदत करते, त्यामुळे बऱ्याच गोष्टी समोर घडताना पाहिल्या. उरलेल्या बाईंच्या वहीतून घेतल्या आहेत. माणसांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. गल्ली लहान आहे.

बालसाहित्याच्या गप्पांत ‘कल्पनाशक्तीला चालना देणारी पुस्तकं’ हे शब्द फार सैल हातानं वापरले जातात. पऱ्या, राक्षस, उडणारे हत्ती असले की चालना मिळालीच, असं धरून चालतात. या खोलीत मला वेगळं दिसलं. मुलांना जागेवरून उठवून खेळायला लावतं ते कामाचं पुस्तक. आणि मुलं एकदा उठली की त्या खेळात काय ओतायचं हे पुस्तक ठरवत नाही, मोठी माणसंही ठरवू शकत नाहीत. यातला पहिला भाग सगळ्यांना पटतो. दुसरा पचवायला जड जातो, आणि हे प्रकरण मुख्यतः त्या दुसऱ्या भागाचं आहे.

खोली आणि वस्ती

खोलीला शहाबादी फरशी, एक पंखा, आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग. मागांची खटखट इतकी अखंड असते की वीज गेली आणि आवाज थांबला की मुलं दचकून वर बघतात. पुस्तकं दोरीला चिमट्यांनी टांगलेली. एका खोक्यात टॉवेलच्या चिंध्या, सुताचे रिकामे कोन, कांड्या, पुठ्ठे, करवंट्या. हे खोकं बाईंनी ‘खेळणी विकत घ्यायला पैसे नाहीत’ म्हणून सुरू केलं होतं. आता कुणी प्लास्टिकचा किचन सेट देऊ केला तरी त्या नको म्हणतात. प्लास्टिकचा गॅस कायम गॅसच राहतो. रिकामा कोन एका दिवशी भोंगा असतो, दुसऱ्या दिवशी आइस्क्रीम असतं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची सुई.

येणारी मुलं तीन ते आठ वर्षांची. बहुतेकांच्या घरी तेलुगू. पद्मशाली विणकर कुटुंबं पिढ्यांपूर्वी तेलंगणाकडून इथे आली, त्यांची ही वस्ती. काही घरी कन्नड, काही घरी दखनी. शाळा मराठी. पुरुष मागावर आणि बायका विडीवर ही इथली जुनी वाटणी. कापडाच्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागांनाही उतरती कळा लागली, पण बायकांच्या मांडीवरचं सूप काही उतरलं नाही.

ज्यांनी विडीचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची, पत्र्याचा माप ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन वळायची, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस-पंचवीसचे कट्टे. हिशेब हजाराचा. मग टोपली घेऊन कारखान्यात जायचं, आणि तिथे चेकर बसलेला असतो. तो कट्टा हातात घेतो, दाबतो, उलटा करून बघतो आणि पसंत नसलेली विडी बाजूला टाकतो. तिला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. पान खराब निघालं, तंबाखू कमी पडली, तरी भरपाई वळणारीनंच करायची. दिवसभराच्या कष्टाचं काय झालं हे त्या काही मिनिटांत ठरतं, आणि ते ठरवणारा माणूस बसलेला असतो, बाई उभी असते. वस्तीतल्या प्रत्येक पोरानं आईच्या किंवा आजीच्या पदराला धरून हे पाहिलेलं असतं.

कोणती पुस्तकं उठवतात, कोणती बसवून ठेवतात

सुरुवातीला खोलीत आलेली पुस्तकं देणगीतली. देणगीतली म्हणजे काय असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे: तात्पर्यवाली. लोभी कोल्हा, आळशी ससा, आणि शेवटी जाड अक्षरात बोध. मुलं शेवटचं पान यायच्या आधीच बोध कोरसमध्ये म्हणून टाकायची आणि खिडकीकडे बघायची. सगळं सांगून झालेलं असतं, करायला काही राहत नाही.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः निवडलेली, चित्रांनी देखणी, अद्‍भुतरम्य पुस्तकं गेली. ती मुलांनी डोळ्यांनी पिऊन टाकली. एकेका पानावर पाच-पाच मिनिटं. मांडीवर कुणी घ्यायचं यावरून मारामारी. पण पुस्तक मिटलं की संपलं. आम्ही दोघींनी बराच काळ हे कोडं वागवलं. उत्तर शेवटी एका मुलानंच दिलं. ‘राजपुत्र-राजपुत्र खेळू या का?’ असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, ‘राजपुत्र एकच हाय की. मग आमी काय, झाडं?’ अद्‍भुत गोष्टींत बहुधा एकच नायक असतो. बाकीच्यांना झाड, ढग, प्रजा किंवा घोडा व्हावं लागतं, आणि सहा वर्षांच्या माणसाला आपण घोडा आहोत हे फार वेळ मान्य होत नाही.

तिसरा प्रकार ‘आता तुम्ही बेडूक व्हा’, ‘आता तुम्ही पाऊस व्हा’ असं पानोपानी सांगणाऱ्या पुस्तकांचा. मुलं सांगितल्यासारखं दोन उड्या मारतात आणि पुढचं पान उलटायची वाट बघत बसतात. ती कवायत झाली. अंगणवाडीत, शाळेत तिचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण खेळ म्हणायचा तर मुलानं कुणाच्या सांगण्याशिवाय चूल मांडली पाहिजे.

मग बाजाराचं पुस्तक आलं. जवळजवळ शब्द नसलेलं, आडवं, मोठ्या पानांचं. पहाटे गाडीतून पोती उतरतात तिथपासून रात्री झाडलोट होईपर्यंत. त्यात कुणी नायक नाही. प्रत्येक जोडपानावर दहा-पंधरा माणसं आपापल्या कामात: एकजण तराजू धरलेला, एकजण पावती फाडतोय, एक बाई कोथिंबिरीवर पाणी शिंपडतेय, एकजण टोमॅटोची टोपली पुढ्यात घेऊन चांगले-वाईट वेगळे करतोय. चेहरे लहान, हात मोठे आणि नीट काढलेले. बऱ्याच जणांची पाठ आपल्याकडे. चित्रकारानं हे ठरवून केलं असेल का ठाऊक नाही, पण त्याचा परिणाम विलक्षण झाला. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्या जागी बसायला मुलाला काहीच अडत नाही. शिवाय शब्द नसल्यामुळे भाषेचं घोडं अडलं नाही. बाई एक पान मराठीत सांगायच्या, मोठी मुलं धाकट्यांना तेच तेलुगूत ऐकवायची, दोघांच्या गोष्टी वेगवेगळ्या निघायच्या आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. (प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्यांत मुक्त परवान्याच्या चित्रगोष्टी मिळतात, छापून वापरताही येतात. खोलीत तीही पानं आहेत. तरीही बिनशब्दांचं पुस्तक ही या वस्तीसाठी वेगळीच सोय आहे असं माझं मत झालंय.)

बाजार दुसऱ्याच दिवशी भरला. हँगरला दोन करवंट्या बांधून तराजू, चिंध्यांची मेथी, कांड्यांची गाजरं. लक्ष्मी मंडईत आईबरोबर गेलेल्या मुलांना भाव करायला शिकवावं लागलं नाही. कुणाला झाड व्हावं लागलं नाही हे महत्त्वाचं. हमाल, गिऱ्हाईक, पावतीवाला, चहावाला. जो येईल त्याला काम. अगदी तीन वर्षांच्या पोराला सुद्धा ‘तू पाणी शिंपड’ म्हणून बसवता येतं, आणि ते तासभर शिंपडत राहतं.

सोलापूरच्या मुलांना सोंग वठवणं नवं नाही, हेही नोंदवते. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत सिद्धेश्वराच्या सात काठ्यांची मिरवणूक पाहून आलेली पोरं पुढचा आठवडाभर केरसुण्या आणि बांबू उभे धरून ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ करत गल्ल्या पालथ्या घालतात. एकजण काठी पेलतो, दोघं दोर धरतात, एकजण वाजवतो. तिथेही सूत्र तेच: प्रत्येकाला काम.

टोमॅटोवरून विडीवर

साधारण सहा वर्षांची एक मुलगी खोलीत यायची. घरी तेलुगू. गोष्टीनंतर बाई मराठीत प्रश्न विचारायच्या तेव्हा ती फ्रॉकच्या कडेशी चाळा करत बसायची. बाईंच्या वहीत तिच्यापुढे ‘बोलत नाही’ अशी नोंद पहिल्या कितीतरी पानांवर आहे.

तिनं त्या पुस्तकातला टोमॅटो निवडणारा माणूस उचलला. बाजारात ती कोपऱ्यात बसायची आणि सगळ्यांचा माल आधी तिच्यापुढून जायचा. कांड्या उचलायची, दाबायची, काही मागे फेकायची. एके दिवशी कुणीतरी वर्तमानपत्राच्या कागदाची सुरनळी करून, त्याला मागावरचा तुटका दोरा बांधून तिच्यापुढे ठेवली. ती तिनं बोटांत फिरवली, टोक बघितलं आणि खणखणीत मराठीत म्हणाली, ‘छाट.’

त्या संध्याकाळी बाजार उठला आणि कारखाना बसला. कुणाच्या तरी घरून जुनं फुटकं सूप आलं. मुली रांगेत मांडी घालून वळायला बसल्या, दोन मुलगे पानं (म्हणजे रद्दी) मोजून द्यायला, एकजण दोरा तोडायला. आणि चेकर ही. वळणाऱ्या आपसात तेलुगूत बोलायच्या, तिच्याशी भांडायच्याही तेलुगूत, ती उत्तर मराठीत द्यायची. कुणी शिकवलं नव्हतं. अधिकाराची भाषा कोणती हे तिला ठाऊक होतं. कट्टे पंचवीसचेच हवेत असा तिचा हट्ट, आणि ती पंचवीस न चुकता मोजायची. एका लहान्याच्या सगळ्याच विड्या छाट निघाल्या तेव्हा तो रडला. डोळे पुसले आणि पुन्हा रांगेत जाऊन बसला, कारण त्याला परत टोपली न्यायची होती.

हे आठवडाभर चाललं असेल. मग मुलीला न्यायला तिची अव्वा, म्हणजे आजी, जरा लवकर आली.

दारात उभं राहून तिनं पाहिलं ते असं: मांडीवर सूप घेतलेल्या पाच-सहा पोरी. नात त्यांच्यात नव्हती, समोर बसली होती, पण अव्वाला आधी सूप दिसलं. ‘काय ओ बाई,’ ती म्हणाली, ‘हितं येऊन विड्याच वळालीत की ओ पोरी! यासाठी पाठिवतो व्हय आमी?’ बाईंनी समजवायचा प्रयत्न केला. अव्वा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तिनं सूप उचलून भिंतीला टेकवून ठेवलं (फेकलं नाही, लक्ष्मी आहे ती) आणि नातीला घेऊन गेली. मुलगी त्यानंतर यायची थांबली.

सल्ले

बाईंनी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी सल्ले दिले, आणि प्रत्येक सल्ल्यात थोडंफार तथ्य होतं.

वस्तीत काम करणाऱ्या एका कार्यकर्तीचं म्हणणं, खेळ ताबडतोब बंद करा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात मुलांना मनाई असलेल्या कामांच्या यादीत विडी वळणं आहे. ती मनाई अंमलात यावी म्हणून कामगार संघटनांनी आणि शाळांनी वर्षं घालवली. तुम्ही तेच खेळ म्हणून गोड करून देताय. एका निवृत्त बालवाडी शिक्षिकेचा आक्षेप वेगळ्या बाजूनं होता. त्या माँटेसोरी पद्धतीत मुरलेल्या. लहान मुलाला खोट्या कामापेक्षा खरं, त्याला झेपेल असं काम द्यावं, ही डॉ. माँटेसोरींची भूमिका त्यांनी सांगितली. खोटी विडी नको, त्याऐवजी खरा झाडू, खरी मोसंबी सोलायला द्या. आणि एका मुलाचे वडील, मागावर काम करणारे, त्यांनी सरळच विचारलं की खेळायचंच तर गल्ली आहे की, इथं पाढे का घेत नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पंचवीसच्या कट्ट्यांत होतं आणि वडिलांना ते पटायला वेळ लागला नाही. पहिले दोन जास्त अवघड आहेत.

खऱ्या कामाचा आग्रह मला इथे लागू पडत नाही असं वाटतं. माँटेसोरींच्या मनात असलेल्या मुलाला खरं काम मिळत नव्हतं, म्हणून ते देण्यात अर्थ होता. या गल्लीतली सहा वर्षांची मुलगी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, दोरा गुंडाळून देते. पाणी चार-पाच दिवसांआड येतं त्या दिवशी तर घरातलं कुणीच रिकामं नसतं. खऱ्या कामाची तिला टंचाई नाही. टंचाई आहे ती खोट्या कामाची, जिथे ती मालक होऊ शकते. शिवाय आपल्याकडची माँटेसोरी परंपरा इतकी कोरडी कधीच नव्हती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. गिजुभाईंच्या बालमंदिरात तर गोष्ट आणि नाटुकलं यांना मानाची जागा होती. आणि त्यांच्याही कितीतरी आधीपासून आपल्या घरांत भातुकली आहेच. ती खेळणारी प्रत्येक मुलगी स्वयंपाक करायला शिकते म्हणून ती खेळते, असं कुणी म्हणत नाही.

कार्यकर्तीचा मुद्दा सोडवायला मला लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं १९३३ मधलं खेळावरचं व्याख्यान उपयोगी पडलं. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, काठीचा घोडा करणारं मूल प्रथमच वस्तू आणि तिचा अर्थ यांची फारकत करतं. दोन, खेळात मूल मोकाट सुटतं असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात ते भूमिकेच्या नियमाला स्वतःला बांधून घेतं, आणि त्या बांधून घेण्यातच त्याला सुख असतं. पेशंट झालेलं मूल खेळात रडतं आणि खेळाडू म्हणून त्याच वेळी खूश असतं. रडून पुन्हा रांगेत बसलेला आमचा लहानगा नेमका हेच करत होता. आता या चष्म्यातून मुलीकडे पाहा. तिनं विडी उचललीच नाही. अव्वा ज्याच्यापुढे रोज उभी असते, ती जागा तिनं उचलली. जो माणूस एका बोटानं आजीचा दिवस वाया घालवू शकतो, त्या माणसाच्या आत शिरून बसता येतं का, हे ती बघत होती. कामाला गोड करणं म्हणजे हे खचितच नव्हे.

पण हे सगळं अव्वाला सांगायचं कसं? आणि मुळात सांगायचं का? बाई तिच्या घरी गेल्या तेव्हा असलं काहीही बोलल्या नाहीत, हे त्यांचं शहाणपण. मी असते तर वायगॉट्स्की काढून बसले असते.

अव्वाची अट

अव्वा वळत होती. वळता वळताच बोलली. तिचं म्हणणं बाईंच्या वहीत आहे तसं देते: ‘हिच्या आईला मी सुपावर बसिवलं. सातवीत होती. फी नव्हती, मग बसिवलं. हिला बसू देणार नाही. घरातसुद्धा हिला सुपाला हात लावू देत नाही मी. आणि तुमी हितं तेच दिलं.’

यावर उत्तर नाही. एखादं सूप एका माणसासाठी टॉवेलच्या चिंधीसारखीच खेळायची वस्तू असतं आणि दुसऱ्यासाठी आयुष्याचा हिशेब असतं. मुलाच्या बाजूनं खेळाचं कितीही समर्थन करा, दारात उभी राहणारी माणसंही त्या खोलीची आहेत. चालना देणाऱ्या पुस्तकांच्या याद्या करणारे हे कधी मोजत नाहीत.

बाईंनी फक्त सांगितलं की तुमची नात तिथे वळत नाही, ती चेकर असते. अव्वाचे हात थांबले म्हणे. ‘चेकर?’ मग ती हसली, आणि शेजारणीला तेलुगूत काहीतरी ओरडून सांगितलं, ती पण हसली. तरी अट घातलीच: सूप खोलीत नको. बाकी काय खेळायचं ते खेळा. बाईंनी मान्य केलं.

मला ही तडजोड अजूनही बरोबर वाटते. खेळाचा विषय मुलांचा, पण एखादी वस्तू खोलीत असावी की नसावी हे सांगायचा हक्क घरच्या माणसाला द्यायला हवा. कार्यकर्तीला ती अर्धवट वाटली. तिच्याशी माझं एकमत अजून झालेलं नाही.

पुढे काय झालं

सूप गेलं. मुलगी आली. पहिल्या दिवशी मुलांनी सूप शोधलं, बाईंनी ‘ते घरी गेलं’ म्हणून सांगितलं. अर्ध्या तासानं पाहिलं तर बाजाराचं पुस्तक मधोमध उघडून एकीच्या मांडीवर होतं आणि त्याच्या घडीत रद्दीचे तुकडे. आडवं, मोठ्या पानांचं, मध्ये खोलगट. सुपापेक्षा बरं. बाईंना हसावं की पुस्तक काढून घ्यावं कळेना. अट सुपाची होती, पुस्तकाची नव्हती.

चेकरची जागा मात्र एकीकडेच राहिली नाही. छाट फार निघते म्हणून कुरबुर सुरू झाली आणि मुलांनी स्वतःच चेकर रोज बदलायचा असं ठरवलं. त्यात बाईंचा काही हात नव्हता. मुलीनं थोडे दिवस तोंड फुगवलं, मग ती दुसऱ्याच कामाला लागली: मोर्चा. सोलापुरात विडी कामगार बायकांचे मोर्चे कलेक्टर कचेरीवर जातात हे इथल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये झाली ती अशाच मोर्च्यांच्या बळावर, आणि या मुलांपैकी काहींच्या मावश्या-आत्या तिथे राहायला गेल्या आहेत. लाल टॉवेलची चिंधी कोनाला बांधून झेंडा झाला. छाट बंद करा, ही मागणी. घोषणा मात्र मुलांना अर्धीच येत होती; सगळे एकदम ‘राहणार नाही, राहणार नाही’ एवढंच ओरडत खोलीला फेऱ्या मारायचे.

अव्वा न्यायला आली तेव्हा मोर्चा दाराशीच होता. ती आत आली नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाली, ‘तसं नाय रे. आदी एकानं म्हणायचं, कोण म्हणतं देणार नाही. मग सगळ्यानी.’ आणि झेंडा जरा वर धरा म्हणाली. एवढं सांगून नातीची चप्पल शोधायला लागली. ती खेळात सामील झाली, तिचं मन बदललं, असं काही मी लिहिणार नाही. पुस्तक सूप झालंय हे तिनं पाहिलं का, तेही बाईंना कळलं नाही.

कारखाना काही काळानं आपोआप ओसरला. खेळ ओसरतात. पण चेकर राहिला. नंतर दवाखान्याचं पुस्तक आलं तेव्हा औषधांच्या बाटल्या तपासणारा एकजण निघाला. अवकाशयानाच्या पुस्तकातून यान बांधलं तेव्हा आत शिरायच्या आधी एकजण प्रत्येकाचं हेल्मेट (म्हणजे पुठ्ठा) ठोकून बघायला बसला आणि त्यानं दोन अंतराळवीर छाट केले. अद्‍भुताला माझा विरोध नाही हे यावरून कळावं. यानात मुलं गेली, कारण त्या पुस्तकात यानाला जोडायला, पुसायला, तपासायला, चालवायला माणसं लागत होती.

निवड करताना आता मी काय बघते ते सांगते. एका पानावर किती जणांना काम आहे ते आधी मोजते. हात दिसतात का बघते. चित्रातली वस्तू पुठ्ठ्या-चिंधीतून करता येईल का, आणि एखादं वाक्य किंवा हाळी पुन्हा पुन्हा येते का, म्हणजे मुलाला आयता संवाद मिळतो. एखादा निवाडा करणारा माणूस असला तर फार उत्तम: तपासणारा, मोजणारा, आत सोडणारा. मुलांच्या जगात अशी माणसं सतत त्यांच्या डोक्यावर असतात, आणि ती जागा काही काळ मिळाली की खेळ आठवडाभर टिकतो. शेवटच्या पानावर सगळं सुरळीत करून टाकणारं पुस्तक मात्र, चित्रं कितीही सुंदर असली तरी, मी या खोलीसाठी घेत नाही. ते घरी मांडीवर बसून वाचायला ठेवावं.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. कारखान्याच्या खेळात त्या एका लहानग्याशिवाय एकही मुलगा वळायला बसला नाही, आणि बाजारात एकाही मुलीला हमाल होऊ दिलं गेलं नाही. बाईंनी एकदा सुचवून पाहिलं, मुलांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा आपलंच केलं. दवाखान्यात मात्र डॉक्टर मुलगी झाली तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. हे पुस्तकातल्या चित्रांमुळे की गल्लीतल्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहेत म्हणून, यावर आमचं बोलणं चालू आहे. शाळेत ही मुलगी अजूनही फार बोलत नाही, असं तिच्या वर्गशिक्षिका सांगतात.

बाजाराच्या पुस्तकाच्या आता दोन प्रती आहेत. एक दोरीवर टांगलेली असते. दुसरी मांडीवरची, तिची शिवण सुटली आहे, टोमॅटोचं पान चिकटपट्टीवर तगून आहे, आणि तिसरी प्रत घ्यायची तर वर्गणीत बसते का हे बाई बघताहेत.